अधिकाचं वाण आणि फ्रान्सची खेडी

छोटी ईद होऊन गेल्यानंतरच्या एका शुक्रवारी सकाळी बाळकृष्ण खानोलकर आमच्या दारात उभे राहिले आणि चप्पल काढता काढताच म्हणाले, "प्रतापराव, फ्रान्समध्ये खेडेगाव कुठलं बरं?"

मी पोहे खात होतो. पोहे खाताना या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. पोहे संपल्यावरही येत नाही, हे पुढच्या तीन आठवड्यांत कळलं.

"कशासाठी?" मी विचारलं.

"वाइनसाठी."

खानोलकरांनी आयुष्यात सोलकढीपेक्षा रंगीत पेय घेतलेलं नाही. मूळचे वेंगुर्ल्याकडचे. तिशीत मस्कतला आले, आता साठीला टेकले. रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्या करणारा एक कारखाना आहे, तिथे ते नोकरीला. टाक्या बनवणं हे त्यांचं काम नाही. गिऱ्हाइकाकडे आधी जाऊन टाकी बसेल की नाही आणि बसली तर कुठे, एवढं ते सांगतात. त्यासाठी कंपनीची पिकअप घेऊन अल अमेरातपासून पार खाबुऱ्यापर्यंतच्या शेतांतून फिरतात. जमिनीचा उतार बघतात, माती पायाने उकरून बघतात, आणि सगळ्यात आधी बघतात ते क्रेन आत येईल का. क्रेन येत नसेल तर टाकीबद्दल बोलायचंच नाही, असा त्यांचा शिरस्ता. गिऱ्हाईक चहा पाजतं, खजूर पुढे करतं, इन्शाल्ला येईल म्हणतं. खानोलकर खजूर खातात आणि नाही म्हणून परत येतात.

असा माणूस फ्रान्समधल्या दारूच्या खेड्यांची चौकशी करत होता, त्याला कारण धर्म होता. यंदा ज्येष्ठ दोन. मुलीच्या, म्हणजे यशश्रीच्या, लग्नानंतरचा पहिला अधिक महिना. जावई देवेश इथेच मस्कतमध्ये एका विमा कंपनीत ऑडिटला. कोकणात जावयाच्या अधिकाचं एवढं स्तोम नसतं, पण त्यांच्या पत्नी वसुंधराताई निफाडच्या. तिकडे तेहतीस अनारसे, चांदीचा दिवा, जावयाला कपडे, मुलीला साडी, सगळं यथासांग होतं. इथे गाडी अडली ती चांदीच्या दिव्यापाशी. देवेशने "काही नको" असा निरोप यशश्रीकरवी पाठवला. निफाडच्या भाषेत याचा अर्थ चांदी कमी पडतेय असा होतो. वसुंधराताईंनी दिव्याशिवाय ताम्हनाचीही तयारी दाखवली. तेव्हा यशश्री फोनवर म्हणाली, "आई, प्लीज. चांदीचं तो काय करणार? तो वाइनवाला आहे. बकरी ईदच्या सुट्टीत फ्रान्समध्ये कुठेतरी चार दिवस, छोटीशी ट्रिप, दॅट्स इट. काहीही चालेल."

अधिक महिन्यात जावयाला वाइन प्यायला पाठवणं शास्त्रात बसतं का, हा प्रश्न वसुंधराताईंना पडला नाही असं नाही. त्यांनी तो एका दुपारी सोडवला. दान आपण करायचं, पुण्य आपल्याला. पिणार ते, आणि पिणार तिकडे. तिकडे अधिक नसतो.

निफाडच्या भावाने मात्र फोन करून दुखावलेल्या आवाजात सांगितलं, "ताई, आमच्या बांधाला लागून वाइनरी आहे. दाजींना म्हणावं, पेटीच घेऊन जा. फ्रान्स कशाला पाहिजे?"

"जावयाचं वाण माझ्या माहेरच्या बांधावरून उचलून द्यायचं होय रे?" असं म्हणून ताईंनी फोन ठेवला.

उरला प्रश्न कुठे पाठवायचं एवढाच. तो ट्रॅव्हल एजंटवर सोडता आला असता. पण खानोलकर सोडेनात, आणि त्याचं कारण त्यांनी मला त्याच शुक्रवारी, पोह्यांची दुसरी बशी हातात घेऊन सांगितलं.

"डिसेंबरात माझी नोकरी संपते. व्हिसा संपतो. आम्ही दोघं वेंगुर्ल्याला जाणार. मुलगी इथं ठेवून जायचीय, या माणसाजवळ. माणूस चांगला आहे. पण कसा आहे ते मला ठाऊक नाही हो."

"दोन वर्षं झाली की लग्नाला."

"झाली ना. दर पंधरा दिवसांनी जेवायला येतात. मी विचारतो, ट्रॅफिक कसा होता? ते म्हणतात, ठीक होता, बाबा. मी विचारतो, एसीचं सर्व्हिसिंग केलंत? ते म्हणतात, केलं, बाबा. मग जेवायला बसतो. दोन वर्षांत एसी दोनदा नवीन झाला, आमचं बोलणं तेच आहे."

हे खरं होतं. मी शेजारी असल्यामुळे त्या जेवणांना अधूनमधून असायचो. दोघं एकमेकांशी एखाद्या सरकारी कचेरीत खिडकीच्या दोन बाजूंना असावं तसं बोलायचे, अदबीने आणि थोडक्यात. खानोलकरांना वाटत होतं की वाण अचूक लागलं, म्हणजे त्या माणसाला मनापासून हवी होती तीच जागा आपण शोधून काढली, तर काहीतरी उघडेल. आणि जावयाला काय हवं हे जावयाला विचारायचं नसतं. विचारलं की ते वाण राहत नाही, ऑर्डर होते.

ते माझ्याकडे आले कारण माझ्याकडे पुस्तकांची कपाटं आहेत. ज्याच्याकडे कपाटं आहेत त्याला फ्रान्स माहीत असणार. मला फ्रान्स माहीत आहे ते कादंबऱ्यांतून. त्यात माणसं वाइन पितात, पण ती कुठली, हे लेखक सहसा सांगत नाहीत. त्यांना पुढे कोणाला तरी मारायचं असतं, घाई असते.

तरी आम्ही बसलो.

बोर्दोचं नाव दोघांनाही ऐकून माहीत होतं, म्हणून तिथून सुरुवात केली. तासाभरात असं निघालं की बोर्दो हे शहर आहे, प्रदेशही आहे, त्यात नदी आहे, आणि नदीच्या डाव्या काठावरचे लोक उजव्या काठाला कमी समजतात. खानोलकर म्हणाले, "हे आमच्याकडे खाडीवरून चालतं." पण कुठल्या काठावर पाठवायचं हे त्यावरून ठरेना. शॅम्पेन वसुंधराताईंनी नुसत्या नावावर बाद केली: "ती उडवतात ती? अंगावर?" प्रोव्हान्सला लव्हेंडरची जांभळी शेतं असतात म्हणून ते तीन दिवस आघाडीवर होतं. मग कळलं की मेअखेरीला ते फुललेलं नसतं आणि तिथली वाइन गुलाबी असते. देवेशरावांना गुलाबी चालेल का, यावर खानोलकरांनी एक अख्खी संध्याकाळ घालवली.

मध्येच एकदा ते मोठ्या उत्साहाने आले. बर्गंडी आणि बूर्गोन्य या दोन प्रदेशांचा त्यांनी चार दिवस तुलनात्मक अभ्यास केला होता आणि बूर्गोन्य थोडं सरस ठरलं होतं. दोन्ही एकच, पहिलं इंग्रजांनी ठेवलेलं नाव, हे मी सांगितलं. ते म्हणाले, "तरी पण."

व्हिडिओही बघून झाले. एक गोरा गृहस्थ ग्लास हलवतो, त्यात नाक घालतो आणि डोळे मिटून सांगतो की याला ओल्या दगडाचा वास आहे. खानोलकरांनी ते थांबवून माझ्याकडे बघितलं. "आमच्या टाकीतल्या पाण्याला असा वास आला तर गिऱ्हाईक तक्रार करतं. आम्ही माणूस पाठवतो धुवायला."

कारखान्यातल्या स्टोअरच्या हुसेनलाही त्यांनी विचारून पाहिलं. हुसेन पाच वेळचा नमाजी, त्याच्यासमोर वाइनचं नाव काढणं बरं दिसेना, म्हणून द्राक्षं बघायला जायचंय असं सांगितलं. हुसेनने क्षणाचाही विचार न करता सांगितलं की इथल्याच जबल अख्दरच्या डोंगरात जा. तिथे द्राक्षं आहेत, डाळिंबं आहेत, हवा थंड आहे, आणि संध्याकाळी माणूस घरी येतो. आजवर मिळालेला हा एकमेव स्पष्ट सल्ला होता.

त्यात ईदची तारीख. ती चंद्र दिसल्यावर कळणार, आणि व्हिसावाले म्हणणार हॉटेलची तारीख आत्ता सांगा. शेजारच्या देशात चंद्र एक दिवस आधी दिसतो आणि आमच्याकडे नंतर, असंही कधी होतं. "माका कायच कळना नाय," खानोलकर मालवणीत म्हणाले. ते मालवणीत गेले म्हणजे समजावं की प्रकरण गंभीर आहे.

शेवटी त्यांनी ठरवलं की दुसऱ्याच्या पद्धतीने चालून उपयोग नाही, आपल्याच पद्धतीने जाऊ. उतार, माती, रस्ता. उतार सगळीकडे होते. मातीबद्दल फ्रेंच लोकांनी इतकं लिहून ठेवलंय की पायाने उकरायची गरज नव्हती. मग ते रस्त्याला लागले. नकाशा मोठा करून, बोट फिरवत, स्टेशनपासून गावापर्यंत, गावापासून पुढच्या गावापर्यंत. आमच्या डायनिंग टेबलावर ते बोट फिरता फिरता थांबलं.

"इथं बस नाही."

"असेल एखादी."

"सकाळी एक आहे. संध्याकाळची शाळेच्या दिवशीच. टॅक्सी शहरातून बोलवायची." त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे गाडी घ्यायला लागणार. भाड्याची. आणि दिवसभर या गावातून त्या गावात, प्रत्येक ठिकाणी ग्लास." ते माझ्याकडे असं बघायला लागले जणू मीच ते गाव वसवलं होतं. "प्रतापराव, गाडी कोण चालवणार?"

क्रेन आत येत नव्हती.

त्या दिवसापासून प्रदेश मागे पडला. देवेशराव पिऊन गाडी चालवतील का? चालवत असतील का, आत्ताही, इथे? शेजारी यशश्री बसलेली असताना? तीस वर्षं ज्या माणसाने टाकीखालच्या मातीवर विश्वास ठेवला नाही, तो या प्रश्नाखाली झोपेना. रेखाने, माझ्या बायकोने, सरळ सुचवलं की मुलीला विचारा. "ती म्हणेल, रिलॅक्स बाबा," खानोलकर म्हणाले. "पोरगी कशालाही तेच म्हणते."

पुढच्या शुक्रवारी वसुंधराताईंनी अनारशांची रंगीत तालीम ठेवली होती. तांदूळ इथल्या हवेत कसा आंबतो याचा अंदाज घ्यायचा होता. आम्ही दोघं चाखायला, आणि मुलगी-जावई जेवायला. ती दोघं नेहमीप्रमाणे गल्लीच्या कोपऱ्यावर किराणा दुकानापाशी गाडी लावून भर उन्हातून चालत आली. खानोलकरांच्या दारासमोर चार गाड्या मावतील एवढी जागा आहे. त्यांचं हे चालणं मी आजवर व्यायामात धरत आलो होतो.

देवेशला फ्रान्सचं माहीत होतं. यशश्रीने त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याला माहीत आहे हे आम्हालाही माहीत होतं. फक्त कोणालाच काही माहीत नसल्यासारखं जेवायचं, असं न बोलता ठरलं होतं.

"ट्रॅफिक कसा होता?" खानोलकर.

"ठीक होता, बाबा."

"एसी?"

"चालतोय, बाबा."

इथे दर वेळी संभाषण संपून पानं घेतली जायची. पानं घेतली गेली. वसुंधराताई जावयाच्या वरणावर तूप वाढायला वाकल्या आणि खानोलकर म्हणाले, "देवेशराव, दोन ग्लास झाल्यावर गाडी कोण चालवतं?"

तूप पडतच राहिलं.

"बाबा!" यशश्री म्हणाली. "व्हॉट इज धिस? आम्ही काय दारुडे आहोत?"

"मी फ्रान्सचं विचारतोय."

शब्द उघड्यावर आला. देवेशने माहीत नसल्याचा चेहरा करून बघितला, पण तो जमला नाही, आणि त्याने तो सोडून दिला.

"यशश्री चालवते," तो म्हणाला.

"तुम्ही घेता तेव्हा. आणि तिनं घेतली तर?" असं विचारून खानोलकरांनी लगेच सावरलं, "म्हणजे ती घेत नाहीच."

देवेशने यशश्रीकडे बघितलं. यशश्रीने कोशिंबिरीकडे.

"बाबा," देवेश म्हणाला, "मला गाडी येत नाही."

मस्कतमध्ये हे वाक्य जेवताना बोलायचं नसतं. इथे पगार, पाळीव मांजर आणि गाडी ही माणसाला असतातच असं धरलेलं असतं, त्यातलं मांजर एक वेळ नसलं तरी चालतं. देवेश आता थांबेना. पहिल्या परीक्षेत तो पिंपांच्या मधून गाडी मागे घेताना एका पिंपाला लागला. दुसऱ्या वेळी चढावर गाडी मागे आली. तिसऱ्या वेळी रस्त्यावरच्या परीक्षेत तो चौकातल्या वर्तुळात शिरला आणि बाहेर कधी पडायचं हे न ठरल्यामुळे फिरतच राहिला. परीक्षक भला माणूस होता. त्याने शांतपणे "खलास" म्हटलं आणि स्वतः गाडी चालवून परत आणली. त्यानंतर देवेश गेला नाही.

"मीच म्हटलं याला, सांगू नको," यशश्री म्हणाली. "तुम्ही भेटल्या भेटल्या विचारता, ट्रॅफिक कसा होता. आता तुमचा जावई, आणि ड्रायव्हिंग सीटवर मी. मग आम्ही तिकडे कोपऱ्यावर लावतो, तुम्हाला दिसायला नको म्हणून."

"पण ट्रॅफिक ठीकच असायचा, बाबा," देवेश प्रामाणिकपणे म्हणाला. "मी बाजूला बसून बघायचो."

खानोलकरांनी हातातला घास पानात ठेवला. देवेशला बहुधा ते रागावले आहेत असं वाटलं, कारण तो आणखी खोलात गेला. "म्हणूनच मी हिला फ्रान्स वगैरे काही नको म्हणत होतो. तिथे जाऊन ही चार दिवस गाडी चालवणार आणि मी ग्लास घेऊन उभा राहणार. काय अर्थ आहे? वाइन मुळात हिला आवडते. मला त्यातलं काही कळत नाही. मला आंबट लागते."

वसुंधराताईंनी तुपाचं भांडं खाली ठेवलं.

"देवेश!" यशश्री.

"मग 'वाइनवाला' कोण?" ताईंनी विचारलं.

यशश्रीने पुन्हा कोशिंबिरीकडे बघितलं, आणि सगळ्यांनाच उत्तर मिळालं. दोन वर्षं बायकोची आवड या माणसाने स्वतःच्या नावावर सांभाळली होती, सासऱ्याच्या घरी तिला मान खाली घालायला लागू नये म्हणून. घरी पाठवलेल्या फोटोंतला ग्लासही त्याच्याच हातात असायचा. रेखाने माझ्या पायावर पाय दिला. मी वरणभात कालवत राहिलो.

खानोलकर जावयाकडे बघत होते. शेतावर टाकीची जागा बघताना बघतात तसं, डोकं थोडं कलतं करून. मग म्हणाले, "मी येतो."

"कुठे?" यशश्री.

"फ्रान्सला. मी चालवतो. तिथं भाड्याच्या गाड्या गिअरच्या असतात, मी बघितलंय. गाडी उजव्या बाजूनं, इथल्यासारखीच. मला प्यायची नाही. तुम्ही दोघं मागं बसा आणि काय हवं ते प्या."

"अहो," वसुंधराताई म्हणाल्या, "वाणाबरोबर सासरा देतात का कुणी?"

"देवेशराव पुढं बसतील," खानोलकरांनी दुरुस्ती केली. "नकाशा बघायला."

यानंतर जे झालं ते भांडण होतं की आनंद, हे मला तिथे बसूनही सांगता आलं नाही. यशश्री म्हणत होती हे किती एम्बॅरसिंग आहे, आणि त्याच दमात म्हणत होती की मग बर्गंडीच, ऑफकोर्स बर्गंडी. खानोलकर म्हणाले, "बूर्गोन्य." मग तिला आल्सासही हवं झालं. मग लोआर. इतके दिवस "काहीही चालेल" म्हणणाऱ्या मुलीला एकेका खेड्याचं मत होतं, आणि आम्ही तीन आठवडे भलत्याच माणसाची आवड शोधत होतो. प्रदेशांची नावं अनारशांवरून इकडून तिकडे जात राहिली. शेवटी देवेश म्हणाला, "जो चालवणार, त्यानं ठरवावं." मग सासऱ्याकडे वळून, "बाबा, तुम्हाला कुठे चालवायला आवडेल?"

हा प्रश्न खानोलकरांना कोणीही कधीच विचारलेला नव्हता. कंपनी कागद देते, कागदावर गाव असतं, माणूस जातो. ते जरा भांबावले. मग त्यांनी फोन काढला, नकाशा उघडला आणि आल्सासवर बोट ठेवलं. तिथे वाइनच्या गावांना जोडणारा एक रस्ताच काढून ठेवलाय. उत्तरेकडून दक्षिणेकडे, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला सपाटी, गावामागून गाव. "हे आपल्या बातिनाच्या किनारपट्टीसारखं आहे," ते म्हणाले. "समुद्र तेवढा काढायचा, नदी घालायची."

"आल्सास तर आल्सास," यशश्री म्हणाली.

वसुंधराताई जाणार नाहीत. अधिकात घर सोडायचं नाही, त्यांचं व्रत आहे. ती तिघं निघण्याआधी त्या जावयाला वाण इथेच देतील. तिकडे अधिक नसतो हा स्वतःचाच नियम पोटच्या मुलीला लावायचा की नाही, यावर त्यांनी अजून निर्णय दिलेला नाही. सध्या त्या लेकीशी दिवसाआड बोलतात.

पुढच्या शुक्रवारी खानोलकरांनी जावयाला सरावासाठी खाबुऱ्याला नेलं. अर्बाबची, म्हणजे मालकाची, परवानगी काढून कंपनीची गिअरची पिकअप. खानोलकर चालवणार, देवेश शेजारी बसून फोनवर बघत वळण सांगणार, आणि फ्रान्सप्रमाणे दर काही मैलांवर थांबायचं. ओळखीच्या शेतांवर थांबून देवेशने लिंबूपाणी आणि ताक घ्यायचं, खानोलकरांनी काही घ्यायचं नाही, अशी शिस्त ठरली होती. सकाळी निघाले, ऊन उतरल्यावर आले. देवेश पिकअपमध्ये बसूनच राहिला होता, खिडकीतून सासऱ्याला काहीतरी सांगत होता. यशश्री त्याला न्यायला आली होती, तरी तो उतरेना.

ती दोघं गेल्यावर खानोलकर आमच्याकडे आले. शेतावरून मिळालेली आंब्याची पेटी खाली ठेवली आणि खुर्चीत बसले. घसा बसलेला नव्हता, पण कान थकल्यासारखे दिसत होते.

"काय मग? कळलं का, माणूस कसा आहे?"

"बोलतो हो फार," खानोलकर म्हणाले. "बारका गाव येईपर्यंत गप्प होता, मला वाटलं नेहमीचंच. सुवैकला पहिलं ताक झालं आणि सुरू झाला. आईचं, ऑफिसचं, लहानपणी शाळेत बोलायला उभं केलं की रडायचा, ते. परत येताना दोनदा वळण चुकलो, ह्याचं लक्ष फोनवर नाही, गोष्टीत." त्यांनी पाणी मागून घेतलं आणि सगळं प्यायले. "फ्रान्समध्ये नकाशा यशश्रीकडे द्यावा म्हणतोय. ह्याला शेजारी बसवतो, पण नकाशा नको."